एक कोळी आणि त्याचीं नांवें

पावसाळा ओसरूं लागला कीं निलंग्याच्या परिसरांत, बांधावरच्या झुडपांत आणि घरामागील परसांत, एक देखणा कोळी आपलें बिऱ्हाड थाटतो. उभें, वाटोळें जाळें. मध्यभागीं डोकें खालीं करून बसलेली मादी. आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेले. आणि त्या पायांच्या रोखानें जाळ्यावर घातलेली पांढऱ्या रेशमाची नागमोडी शिवण. पोटावर पिवळे, रुपेरी व तपकिरी पट्टे, आणि पुढील अंगावर चंदेरी लव. या नागमोडी शिवणीवरून इंग्रजींत त्याला सही करणारा कोळी असें म्हणतात. परंतु सही समोर असूनहि सही करणाराचें नांव निश्चित करणें विद्वानांना फार काळ सोपें गेलें नाहीं.

कोळ्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ स्वीडनमध्यें कार्ल क्लेर्क यानें १७५७ सालीं केला. प्राण्यांच्या नांवांची अधिकृत गणना लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते. तथापि क्लेर्कच्या ग्रंथाचा मान एवढा कीं, त्याच्यापुरता या नियमाला अपवाद करण्यांत आला. पुढें नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीबरोबर सॅव्हिन्यी नांवाचा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ गेला. त्यानें अत्यंत सूक्ष्म चित्रें तयार करविलीं. परंतु नेत्ररोगानें त्याला ग्रासलें, आणि आपल्याच चित्रांचें विवरण लिहिणें त्याला अशक्य झालें. तें काम ऑदुआँ यानें केलें व १८२६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच ग्रंथांतून आपल्या या कोळ्याच्या कुळाला ‘अर्जिओपी’ हें नांव मिळालें.

आपल्या इकडील कोळ्याला जें नांव आहे, तें टॅमर्लन थोरेल या स्वीडिश पंडितानें दिलेलें आहे. लिओनार्दो फेआ या इटालियन प्रवाशानें ब्रह्मदेशांतून जमविलेल्या कोळ्यांवर लिहितांना त्यानें १८८७ सालीं ‘अर्जिओपी अनासुजा’ या जातीचें वर्णन केलें. हें नांव मराठी कानास सहजच अनसूयेची आठवण करून देतें. तत्पूर्वीं, १८८१ सालीं, त्यानेंच ‘अर्जिओपी पुल्केला’ ही दुसरी जात वर्णिली होती. या दोन्ही जाती भारतांत आढळतात, आणि दोन्ही एकमेकींसारख्या दिसतात. खरा घोटाळा येथेंच होतो.

पाहणारा प्रथम रंगाकडे पाहतो. पण रंग हा साक्षीदार भरंवशाचा नव्हे. कात टाकून वाढतांना पिलाचे पट्टे बदलतात. एकाच जातीच्या दोन माद्यांत पिवळेपणा कमीअधिक असतो. नर तर मादीच्या मानानें इतका चिमुकला असतो कीं, तो निराळाच प्राणी वाटावा. जाळ्यावरील सहीहि तशीच. कधीं तिचे चार हात असतात, कधीं दोन, कधीं एक, आणि कधीं एकहि नाहीं. पुष्कळ जातींचीं पिलें तर फुलीऐवजीं वाटोळी चकतीच विणतात. या शिवणीचा उपयोग काय, याविषयींहि मतभेद आहेत. ती जाळें बळकट करते, असें पूर्वीं मानीत. पुढें कोणी म्हणाले कीं ती किड्यांना भुलविते, आणि कोणी म्हणाले कीं ती पक्ष्यांना सावध करते.

शिवाय संग्रहालयांतील पंडितांपुढें येई तो मद्यार्कांत बुडविलेला नमुना. त्या द्रवांत पिवळा रंग फिका पडतो. म्हणजे निलंग्याच्या शेतांत पोराला जें तेज फुकट दिसतें, तें परदेशच्या टेबलावर पोंचतच नसे. म्हणून शास्त्राला रंग सोडून टिकाऊ खूण शोधावी लागली. ती खूण म्हणजे मादीच्या पोटाखालीं, जननद्वारावर असलेली कठीण पट्टिका, व नराच्या मुखाजवळील अवयवाची घडण. पोकॉक याचा भारतीय कोळ्यांवरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या बी. के. टिकादर यांनीं १९८२ सालीं वर्तुळाकार जाळीं विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळावर स्वतंत्र भाग प्रसिद्ध केला.

योगायोग असा कीं, त्याच १९८२ सालीं निलंग्याचाहि पत्ता बदलला. निजामी राज्यांत हा तालुका बीदर जिल्ह्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १९८२ च्या ऑगस्टांत नव्या लातूर जिल्ह्यांत. उस्मानाबादहि आतां धाराशिव झालें आहे. नीलकंठेश्वराचें मंदिर मात्र जागचें हाललें नाहीं, आणि बांधावरचा कोळीहि आपलें जाळें तसेंच विणीत राहिला.

नांव म्हणजे माणसाची सोय. वस्तु तिच्याहून जुनी असते. म्हणून अशा कोळ्याची ओळख पटवावयाची असेल, तर एका पट्ट्यावरून किंवा एका सकाळच्या जाळ्यावरून निकाल देऊं नये. तेंच जाळें चार दिवस पाहावें, पाठीबरोबर पोटहि पाहावें, आणि हें सर्व जाळें न मोडतां करावें. कारण जाळें मोडलें तर पुढची सही पाहावयास मिळणार नाहीं.