न बुडणारा नाकतोडा

नाकतोडा पाण्यात पडला की फार वेळ टिकत नाही, आणि ट्राउट माशाला हे पक्कं ठाऊक असतं. मोंटानात ऑगस्टमध्ये गवताची कापणी सुरू होते, दुपारी वारा सुटतो, काठचे नाकतोडे भरकटून नदीत पडतात आणि तपकिरी ट्राउट काठाखालीच टपून बसलेले असतात. त्या नाकतोड्याची नक्कल गळावर बांधायची आणि लांब काठीने पाण्यावर टाकायची, असा हा फ्लाय फिशिंगचा खेळ. मी मूळचा महाडचा. सावित्रीवर गांडूळ लावून गरवणाऱ्यांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. वाटू दे.

हे किडे तिथे एकेकाळी खेळाचा विषय नव्हते. 1870च्या दशकात रॉकी माउंटन टोळाच्या धाडींनी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना देशोधडीला लावलं. मोंटानात एका हिमनदीचं नावच ग्रासहॉपर ग्लेशियर आहे, कारण तिच्या बर्फात मेलेले टोळ सापडले. 1902 नंतर मात्र हा टोळ जिवंत कोणाला मिळाला नाही. अंडी घालायच्या नदीखोऱ्यांत नांगर फिरला, हे त्यामागचं मला सर्वांत पटणारं कारण. आज आम्ही बांधतो ते त्याचे चुलतभाऊ.

नाकतोडा बांधणं तसं सोपं, तो तरंगता ठेवणं महाकठीण. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीच्या आर्ट विनीचा हॉपर, म्हणजे नाकतोडा, देखणा होता: पिवळं अंग, लाल शेपटी, टर्कीच्या ठिपकेदार पिसांचे पंख, पुढे कोंबड्याच्या मानेच्या पिसांची झालर. जो ब्रुक्स या लेखकाने पश्चिमेकडे त्याचा इतका गाजावाजा केला की लोक त्याला ‘जोज हॉपर’च म्हणू लागले, विनी बिचारा बाजूलाच राहिला. पण दोन-चार मासे लागले की ही पिसं भिजून लोळागोळा होत.

मग हरणाचे केस आले. 1930च्या दशकात डॉन गॅपेनने कॅनडातल्या निपिगॉन नदीसाठी ‘मडलर मिनो’ बांधला, तो खरं तर छोट्या माशाची नक्कल. त्याचं केसांचं डोकं आणि जोज हॉपरचं अंग यांची सांगड ओक्लाहोमाच्या डेव्ह व्हिटलॉकने घातली, तो ‘डेव्हज हॉपर’. मी अजूनही तो बांधतो. पेन्सिलीएवढी जुडी गळाच्या दांडीवर धरायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि खेचायचं. केस आतून पोकळ, त्यामुळे आवळताच चहूकडे फुलतात आणि दांडीभोवती फिरतात. मग ब्लेडने तासून डोक्याला आकार द्यायचा. आठवडाभर आमच्या घरात वरणातसुद्धा हरणाचे केस सापडतात, म्हणून बायकोने माझी रवानगी गॅरेजमध्ये केली आहे.

फोमने ही कलाकुसरच मोडीत काढली. युटामध्ये फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली ग्रीन नदी आहे. तिथे गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणाऱ्या वाटाड्यांनी काळ्या फोमच्या पट्टीला रबराचे पाय बांधून एक अवाढव्य ध्यान तयार केलं. 1986चा चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात ताजा होता, म्हणून नाव पडलं ‘चेर्नोबिल अँट’. मुंगी म्हणायची, पण मुंगीशी तिचं काडीचंही नातं नाही. मासे मात्र तुटून पडले. फोममधले बुडबुडे बंद असतात, पाणी आत शिरायला वाटच नाही.

फोमचा नाकतोडा बांधायला दहा मिनिटं पुरतात. हस्तकलेच्या दुकानातला 2 मिलिमीटरचा फोम घ्यायचा. दोरा फार आवळला तर तो फोम चिरत जातो, सैल राहिला तर अंग दांडीभोवती फिरतं. म्हणून खाली सुपरग्लूचा थेंब. पाठीवर नारिंगी फोमचा तुकडा लावतात. तो माशासाठी नाही, आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना लांबून दिसावा म्हणून.

आता तर गिऱ्हाईकाला मासा मिळवून द्यायच्या घाईत वाटाडे फोमच्या हॉपरखाली हातभर दोरीने दुसरा, बुडणारा किडा लोंबवतात. मासा बहुतेक वेळा खालचाच घेतो. म्हणजे वरचा नाकतोडा तरंडीच्या कामाला जुंपला! खळाळत्या पाण्यात मीही तेच करतो. पण पाणी संथ असलं आणि मासा दिसत असला की डबीतून व्हिटलॉकचाच काढतो. फोम पाण्यावर फार ताठ बसतो, आणि जुना ट्राउट जवळ येऊन तो पाहतो आणि मागे फिरतो.