गडाच्या किल्ल्या आणि संगणकाचें दार



नागपुरांत सक्करदरा म्हटलें कीं भोसले राजांच्या वाड्याची आठवण होते; आणि वाडा म्हटला कीं देवडी आलीच. कोणी आंत यावें, कोठवर यावें, कोणाच्या हुकमानें यावें, याचा निवाडा देवडीवर व्हावयाचा. आज बँकेंतील आपली ठेव, रुग्णालयांतील आपल्या दुखण्याची नोंद, मुलांच्या परीक्षांचे गुण, हें सारें संगणकांत असतें, आणि त्यालाहि देवडी लागते. ती कशी बांधावी, याचा धडा मराठ्यांच्या इतिहासांत सांपडतो.

कृष्णाजी अनंत सभासद यांनीं आपल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था वर्णिली आहे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत. शिवाय धान्यसामग्रीसाठीं कारखानीस. दरवाजे व किल्ल्या हवालदाराकडे, पहारे सरनोबताकडे, हिशेब सबनिसाकडे. हे अधिकारी मुद्दाम निरनिराळ्या जातींतून घेत, म्हणजे सर्वांनीं मिळून फितूर होणें कठीण जाई. एकाच्या हातीं गड द्यावयाचा नाहीं, हें त्या व्यवस्थेचें मर्म होय.

या गोष्टीला तीन शतकें लोटल्यावर, १९७५ मध्यें साल्ट्झर व श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनीं संगणकाच्या संरक्षणाचीं तत्त्वें मांडलीं. एका किल्लीपेक्षां दोन हातांतील दोन किल्ल्या बऱ्या. ज्याला जेवढें काम, तेवढाच अधिकार. आणि स्पष्ट परवानगी नसेल तर दार बंद, हीं त्यांपैकीं तीन. पुढें १९९२ मध्यें फेरायोलो व कुन यांनीं अधिकार माणसाला न देतां हुद्द्याला द्यावा, ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. हवालदार बदलला तरी हवालदारी राहते, तसेंच हें.

आतां प्रत्येक कारागीर ही देवडी नव्यानें बांधीत नाहीं. तिचा तयार सांगाडा मिळतो. २००३ मध्यें बेन अ‍ॅलेक्स यांनीं ‘असेगी’ नांवानें आरंभिलेला व पुढें ‘स्प्रिंग सिक्युरिटी’ म्हणून प्रसिद्ध झालेला सांगाडा असाच आहे. त्यांत दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: आलेला मनुष्य कोण, आणि त्याला काय करण्याची मुभा आहे? ओळख पटली म्हणजे मुभा मिळाली, असें नव्हे. मुभेचे नियम क्रमानें लिहावयाचे असतात. यंत्र ते वरून खालीं वाचतें आणि जो पहिला लागू पडेल त्यावर निकाल देतें. म्हणून ‘सर्वांस सोडावें’ हा नियम वर लिहिला, तर खालचे कडक नियम असून नसून सारखेच! विशेष नियम आधीं, सामान्य नियम मागाहून, आणि सर्वांच्या शेवटीं ‘बाकी सर्वांस मनाई’ हाच योग्य क्रम होय.

परंतु नुसत्या नियमांनीं गड राहतात काय? पन्हाळा १७०१ मध्यें, विशाळगड १७०२ मध्यें व सिंहगड १७०३ मध्यें औरंगजेबाच्या हातीं गेला. वेढे पडले, तोफा धडाडल्या. पण शेवटीं दरवाजे उघडले ते पैशानें. गडावरील हुद्दे नाहींसे झाले नव्हते. त्या युद्धाच्या धामधुमींत वरून पाहणारी नजर मात्र दूर गेली होती. तीन अधिकारी एकमेकांवर लक्ष ठेवतात खरे, पण त्या तिघांवर कोणाचें तरी लक्ष असावें लागतें.

संगणकाच्या देवडीचेंहि असेंच आहे. बदली झालेल्या कारकुनाचा अधिकार त्याच दिवशीं काढला काय? ‘आजच्यापुरतें’ म्हणून उघडलेलें दार पुन्हां लागलें काय? कोण केव्हां आंत आला, याची नोंद राहते काय, व ती कोणी वाचतो काय? हे प्रश्न यंत्र स्वतः होऊन विचारीत नाहीं. ते विचारणारा मनुष्य जागा असेल तोंवरच कुलपाला अर्थ आहे.