फॅक्टरी, वखार, कारखाना : एका शब्दाच्या सुरती अभ्यासाची प्रस्तावना

'फॅक्टरी' हा इंग्रजी शब्द आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. खिशात मावणाऱ्या कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात त्याच्यासमोर 'कारखाना' असा प्रतिशब्द सापडतो आणि रोजचे काम तेवढ्यावर भागते. मग एवढ्याशा शब्दाचा वेगळा अभ्यास कशाला, असे वाचकांना वाटले तर त्यात गैर काही नाही. पण हाच प्रतिशब्द हाती धरून कोणी सुरतेचा सतराव्या शतकातला इतिहास वाचायला बसला, तर पहिल्याच पानावर त्याची फसगत होते. विल्यम फॉस्टर यांनी १९०६ पासून संपादित केलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराच्या तेरा खंडांचे नावच मुळी 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' असे आहे. १६१८ ते १६६९ या काळातला पत्रव्यवहार त्यांत आहे. त्यात भावाची घासाघीस आहे, जहाजांची वाट पाहणे आहे, सुभेदाराच्या तक्रारी आहेत. धुराडे मात्र कुठेच नाही. कापड विणले जाई ते विणकरांच्या घरी. इंग्रजांच्या फॅक्टरीत ते नुसते येऊन पडे आणि जहाजाची वाट पाही.

ही फॅक्टरी म्हणजे 'फॅक्टर' लोकांचे ठाणे. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा. आपल्याकडचा गुमास्ता किंवा अडत्या त्याच्या जवळचा. पोर्तुगीज लोक आपल्या अशा ठाण्याला 'फेइतोरिया' म्हणत, आणि इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे तो शब्द या किनाऱ्यावर वावरत होता. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेला आला. सुवाळीच्या बारावर पोर्तुगीजांशी झालेल्या १६१२ च्या झुंजीनंतर पुढच्या वर्षी इंग्रजांना येथे कायमचे ठाणे मिळाले. त्या ठाण्यात माणसांची उतरंड ठरलेली असे : सर्वांत खाली उमेदवार, मग रायटर म्हणजे कारकून, त्यावर फॅक्टर, त्यावर मर्चंट आणि सीनियर मर्चंट, आणि सर्वांवर प्रेसिडेंट. सारे एकाच वाड्यात राहत, एकाच पंगतीला जेवत. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, प्रत्येकाच्या जिभेचे समाधान व्हावे म्हणून तिथे इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन तऱ्हांचे आचारी ठेवलेले होते. फॅक्टरी या शब्दाचा त्या काळचा अर्थ कोशापेक्षा या मुदपाकखान्यातून लवकर कळतो.

आपल्या पूर्वजांना यात काडीचाही गोंधळ नव्हता. त्यांनी या ठाण्याला 'वखार' म्हटले. माल साठवण्याची जागा, एवढाच त्या शब्दाचा साधा अर्थ; पण टोपीकरांची, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांची, वखार म्हटले की त्यात माल, माणसे, तोफा आणि हेतू असे सगळेच येई. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला साथ दिली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून त्यांना कैद केले. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झिंडनने आपली वखार लढवून राखली. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला आणि त्याच्या घराण्याची घुमटाकार कबर अजून शहरात उभी आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा आला : हे इतर सावकारांसारखे नव्हेत, वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रापासून दूर आणि सखल भागात द्यावी, पक्की इमारत उठवू देऊ नये. एका इंग्रजी शब्दाचा इतका नेमका अर्थ त्या वेळी लंडनच्या कोशकारालाही साधला नसता.

आता 'कारखाना' घ्या. हा शब्दही तेव्हा जिवंत होता, पण त्याचे घर वेगळे होते. शिवकाळातले अठरा कारखाने आपण शाळेत पाठ केलेले असतात : जवाहिरखाना, तोफखाना, पीलखाना, शिकारखाना वगैरे. हे कारखाने म्हणजे राज्याची खाती. काहींत वस्तू घडत, काहींत नुसत्या राखल्या जात, आणि पीलखान्यात तर हत्ती असत. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राजव्यवहारकोश रचला, त्यात यांच्यासाठी 'कार्यस्थानवर्ग' आहे आणि व्यापाराच्या शब्दांसाठी निराळा 'पण्यवर्ग'. म्हणजे त्या काळी फॅक्टरीचा प्रतिशब्द कारखाना कोणी सांगितला असता, तर दरबारात हसू झाले असते.

दोन्ही शब्दांची गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या यंत्रांबरोबर. इंग्रजीत माल घडवण्याच्या जागेला 'मॅन्युफॅक्टरी' असा लांबलचक शब्द होता. त्याचे काम हळूहळू आखूड 'फॅक्टरी'कडे आले आणि गुमास्त्यांचा जुना अर्थ मागे पडला. इकडे १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला आणि मराठीत 'कारखाना' त्याच्या जोडीला बसला. मुंबईकराने मात्र कापडापुरती 'गिरणी' सोडली नाही. वखारीच्या नशिबी लाकडे आणि कोळसा आला, तरी सरकारी कागदात तिचा मान शाबूत आहे. महाराष्ट्र राज्याच्या गोदामांचा कारभार आजही 'वखार महामंडळ' पाहते. 'कोठी'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. गुजराती इतिहासकार सुरतेच्या फॅक्टरीला कोठीच म्हणतात, आणि बंगालकडच्या निळीच्या कोठ्यांत खरोखरच माल तयार होई. पण त्या वाटेने आत्ता जायला नको.

या अभ्यासाला सुरतेइतकी सोयीची जागा नाही, असे मी थोड्या अभिमानानेच म्हणतो. हे गुजराती कवी नर्मदाशंकरांचे गाव. एकट्याने झिजून रचलेला त्यांचा 'नर्मकोश' १८७३ मध्ये पुरा छापला गेला. आणि हेच गाव आज लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या खानदेशी माणसांचेही आहे. तापी लाइनच्या गाडीने आलेल्या या माणसांना तुम्ही 'कुठे कामाला?' असे विचारून पाहा. लूमवर काम करणारा सांगेल, 'खात्यात'. रंगाई-छपाईच्या ठिकाणी जाणारा म्हणेल, 'मिलमध्ये'. हिऱ्याला पैलू पाडणारा 'घंटीवर' बसतो. इंग्रजीत या साऱ्या फॅक्टऱ्या. बोलण्यात प्रत्येकीला आपले नाव. त्यातले 'खाते' फार गमतीचे आहे. मराठीत खाते म्हणजे हिशेब किंवा सरकारी विभाग, तर सुरती गुजरातीत यंत्रमागांची शेडही खातेच. शिवकाळात कारखाना म्हणजे खाते होते, आणि सुरतेत आज खाते म्हणजे कारखाना आहे. माझ्या मते समानार्थी शब्दांची कोणतीही यादी या एका उदाहरणापुढे फिकी आहे.

नव्या वाचकांनी सुरुवात कशी करावी? कोश एकच घेऊ नये, आणि घेतलेल्या कोशाचे साल आधी पाहावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मधला. हे तिन्ही शेजारी ठेवून मराठी शब्दांच्या कोशांत 'कारखाना' आणि 'वखार', तर कँडीत 'फॅक्टरी' उघडले, की अर्थ सरकत गेलेला डोळ्यांना दिसतो. जोडीला यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' असू द्या. त्यात फॅक्टरीच्या नोंदीखाली जुन्या ठाण्यांची यादीच दिली आहे. मग कंपनीच्या पत्रांकडे वळा. घाई करू नका. एका दिवशी एकच पत्र वाचले तरी चालेल, पण त्यात 'फॅक्टरी' जिथे येईल तिथे ती इमारत आहे, माणसांचा गट आहे की कंपनीचा हक्क आहे, हे पेन्सिलीने समासात लिहा. तिन्ही अर्थ एकाच पत्रात भेटणे अगदी शक्य आहे.

ज्यांना जुन्या दप्तरांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठीही इथे काम पडले आहे. खात्यातले, मिलमधले आणि घंटीवरचे मराठी शब्द अजून कोणत्याही कोशात नीट आलेले नाहीत, आणि ते वापरणारी पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत असे कोणी असेल तर एक वही घ्या, त्यांच्या तोंडचे शब्द उतरवा, आणि प्रत्येक शब्दापुढे वर्ष, वस्ती आणि काम या तीन गोष्टी न विसरता लिहा.