इंजिनाचा ताप : आकुर्डी-पिंपरीच्या जुन्या वाहनांची कथा

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सहसा कारखाने, कामगार संघटना आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु येथून बाहेर पडलेल्या वाहनांची इंजिने किती तापमानाला चालली आणि त्या तापमानाने त्यांची कशी झीज केली, या अंगानेही तो मांडता येतो. तसा तो मांडला, की एक विसंगती ठळकपणे दिसते. मालक, चालक आणि मिस्त्री इंजिन तापण्याला जितके भ्यायले, तितके ते थंड राहण्याला कधीच भ्यायले नाहीत.

ही भीती निराधार नव्हती. पियाजिओ कंपनीशी झालेल्या करारानुसार बजाज ऑटोने व्हेस्पा स्कूटर बनवली आणि करार संपल्यावर १९७२ मध्ये जी ‘चेतक’ बाजारात आणली, तिचे इंजिन टू-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारे होते. ५७ मिलिमीटर व्यासाचे एकच सिलिंडर, तितकाच स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, आणि १४५ घनसेंटिमीटरची क्षमता एवढाच त्याचा पसारा. फ्लायव्हील या फिरत्या चाकावरच पंख्याची पाती होती आणि त्यांनी ढकललेली हवा आवरणातून सिलिंडरभोवतीच्या पातळ पाकळ्यांवर, म्हणजे फिन्सवर, जात असे. स्कूटरचे इंजिन बाजूच्या फुगीर झाकणाखाली दडलेले असल्याने समोरचा वारा त्याला लागत नसे. त्यामुळे हा पंखा म्हणजे त्याचा श्वासच होता. पंख्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असे, आणि दोन माणसे व सामान घेऊन चढ चढताना फेऱ्या कमी नि भार जास्त अशी स्थिती आली, की नेमकी गरज असताना वारा तोकडा पडे.

अशा वेळी सिलिंडरच्या आत काय घडते, हे साध्या हिशेबाने कळते. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तापमान १०० अंशांनी वाढले, की ५७ मिलिमीटरचा पिस्टन सुमारे ०.१२ मिलिमीटर फुगतो, तर सिलिंडर जेमतेम ०.०६ मिलिमीटर. त्यातही पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो, म्हणून दोहोंमधील केसाएवढी फट नाहीशी होते, तेलाचा थर तुटतो आणि पिस्टन भिंतीला चिकटतो. मिस्त्री याला इंजिन ‘सीझ’ होणे किंवा जाम होणे म्हणतात. शिवाय या टू-स्ट्रोकमध्ये वंगणाची वेगळी टाकी नसून पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच वंगणाचे काम करी, त्यामुळे लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडली, की पेट्रोलबरोबर तेलही आटे. नवी गाडी आरंभीच्या काळात सावकाश चालवण्याची, म्हणजे ‘रनिंग’ची, जी शिस्त पाळली जाई, तिचे मूळ या अरुंद फटीत आहे. उलटपक्षी, इतके लहान इंजिन दोन-तीन मिनिटांत चालण्याजोगे तापते, म्हणून निगडी प्राधिकरणातून बजाजच्या आकुर्डी कारखान्यातल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या स्कूटरला गारठ्याचा त्रास किक मारण्यापुरताच होई.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची गोष्ट निराळी आहे. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरी कारखान्यातून १९७७ मध्ये पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले, पुढे १९८६ मध्ये ‘४०७’ हा हलका ट्रक आणि १९९१ मध्ये ‘सिएरा’ ही मोटार आली. या डिझेल इंजिनांच्या सिलिंडरभोवती पाणी खेळते आणि रेडिएटरमध्ये जाऊन निवते. मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या ट्रकला खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर चढावे लागे, आणि उंचीमुळे तेथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या दाबाच्या झाकणाने हा उत्कलनबिंदू वर ढकलला जातो खरा, पण झाकणाचे रबर झिजले की तो लाभ जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी या चढावर, म्हणजे बोरघाटात, रेडिएटर उकळून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांमधले गॅस्केट उडाले, तर खर्च मोठा. तेव्हा चालकाने तापमानाचा काटा वर जाऊ नये हेच ध्येय ठेवले, यात नवल नाही.

झिजेचा मोठा वाटा मात्र दुसऱ्या टोकाला, म्हणजे गार इंजिनात, होता. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या संशोधनाने दाखवले होते, की सिलिंडरची बरीच झीज घासण्याने नव्हे, तर गंजण्याने होते. इंधन जळताना पाण्याची वाफ आणि गंधकाची संयुगे तयार होतात. सिलिंडरची भिंत पुरेशी गरम नसेल, तर वाफ तिच्यावर दवासारखी साचते, आम्ल बनते आणि धातू खाते, आणि मग पिस्टनच्या रिंगा तो खाल्लेला थर खरवडून काढतात. डिझेलमधील गंधक या गाड्यांच्या काळी आजच्या कितीतरी पट होते; दर दशलक्ष भागांत १० भागांची मर्यादा देशभर लागू झाली ती १ एप्रिल २०२० पासून. गार इंजिनात न जळलेले इंधन भिंतीवरचे तेल धुऊन नेते, हा वेगळा तोटा.

यावर उपाय म्हणून इंजिनात थर्मोस्टॅट असतो. पितळी डबीत मेण भरलेले असते. सुमारे ८० अंशांवर ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरकडची वाट उघडते, तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरून लवकर तापते. मिस्त्रींनी मात्र याच भागाला वर्षानुवर्षे दोषी धरले. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकणे हा सर्वत्र चालणारा उपचार झाला, आणि अडकलेला थर्मोस्टॅट खरोखरच इंजिन तापवतो, त्यामुळे या उपचाराला अधूनमधून यशही मिळत राहिले. काटा खाली राहिला, मालक समाधानी झाला, आणि झीज दिसत नव्हती. गंमत अशी, की अनेक इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याची आडवाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तो काढला, की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येते आणि घाटात इंजिन उलट अधिकच तापते. हवेच्या इंजिनातून घेतलेला धडा पाण्याच्या इंजिनावर असा सरसकट लादला गेला, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

जुन्या गाड्यांची सिलिंडरे बोअरिंगला, म्हणजे आतून कातून घ्यायला, येतात, तेव्हा हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचता येतात. सीझ झालेल्या स्कूटरच्या सिलिंडरमध्ये धूर बाहेर जाण्याच्या खिडकीजवळ, म्हणजे सर्वांत तप्त बाजूला, उभे ओरखडे असतात आणि त्यांत पिस्टनचे अॅल्युमिनियम चिकटलेले असते. वर्षानुवर्षे गार चाललेल्या डिझेल सिलिंडरचा पृष्ठभाग वरकरणी गुळगुळीत असतो. पण वरची रिंग जेथून परत वळते तेथे बोट फिरवले, की नखाला कड लागते, आणि त्या कडेखाली सिलिंडर रुंद झालेले असते.