क्रॉली : नियोजित नगरातील वर्ग, वंश व आपलेपणा

क्रॉली : इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स काउंटीतील एक नवनगर. लोकसंख्या सु. १,१८,५०० (२०२१). हे लंडनच्या दक्षिणेस सु. ४५ किमी.वर वसले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील दाटी कमी करण्यासाठी मजूर पक्षाच्या शासनाने १९४६ मध्ये नवनगर अधिनियम संमत केला आणि जानेवारी १९४७ मध्ये क्रॉलीची निवड झाली. अँटनी मिनोप्रिओ यांच्या मूळ आराखड्यात ५०,००० लोकांसाठी नऊ शेजारवस्त्या योजिलेल्या होत्या. प्रत्येक वस्तीला स्वतःची प्राथमिक शाळा, दुकाने व चर्च असावे आणि तीत सर्व वर्गांचे लोक एकत्र नांदावेत, अशी कल्पना होती. तत्कालीन नगर-नियोजनमंत्री लूइस सिल्किन हे या वर्गमिश्रणाचे आग्रही पुरस्कर्ते होते.

प्रत्यक्षात नगराचे दार नोकरीच्या किल्लीने उघडे. लंडनहून स्थलांतरित झालेल्या कारखान्यांत काम मिळालेल्यास विकास निगमाचे घर भाड्याने मिळत असे. त्यामुळे कुशल कामगारांचा भरणा झाला. अकुशल, वृद्ध व बेकार मागे राहिले. वर्णभेद नियमांत कोठेही नव्हता. परंतु राष्ट्रकुलातून आलेले बहुसंख्य लोक लंडनमध्ये हलक्या नोकऱ्यांत व खाजगी भाड्याच्या खोल्यांत असल्याने ही वाट त्यांना क्वचितच खुली झाली. वर्गाच्या चाळणीनेच वंशाची चाळणी केली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

हे चित्र बदलण्यास हातभार लावला तो मूळ आराखड्यात नसलेल्या गॅटविक विमानतळाने (१९५८). तेथील रोजगारामुळे दक्षिण आशियाई कुटुंबे येथे स्थायिक झाली. लँग्ली ग्रीन व ब्रॉडफील्ड येथे मशिदी, तर आयफील्ड येथे हिंदू मंदिर उभे राहिले. शेजारवस्तीच्या कल्पनेत फक्त चर्च होते, हे येथे लक्षणीय आहे.

दिएगो गार्सीआवरील अमेरिकी तळासाठी ब्रिटनने चागोस बेटांवरील रहिवाशांना १९६८ ते १९७३ दरम्यान मॉरिशस व सेशेल्स येथे हलविले. २००२ च्या अधिनियमाने त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा गॅटविकला उतरलेल्यांपैकी अनेकजण क्रॉलीतच राहिले. मात्र हा हक्क नातवंडांपर्यंत पोहोचत नव्हता. आजी नागरिक आणि नातू परदेशी, अशी कुटुंबे त्यामुळे निर्माण झाली. २०२२ च्या अधिनियमाने वंशजांना नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग मोकळा केला. मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी बेटांच्या सार्वभौमत्वाविषयी करारावर सह्या केल्या. त्याच्या वाटाघाटींत चागोसवासीयांना पक्षकार म्हणून स्थान नव्हते.