पल्ल्याचा आक्षेप आणि नाक्याची जागा

‘छोटा हत्ती विजेवर पळेल, हायवा नाही पळणार.’ मुलुंड चेकनाक्यापासून दहिसरपर्यंत मालवाहतुकीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, मत साधारण हेच मिळतं. परिसंवादांतले जाणकारही वेगळ्या शब्दांत हेच सांगतात. छोट्या टेम्पोंचं विद्युतीकरण करा, जड ट्रकांचा विचार पुढच्या दशकात करू, तोवर सीएनजी, एलएनजी किंवा हायड्रोजनची वाट पाहू. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि मुंबईच्या उपनगरांपुरतं तर घातकही वाटतं. पण प्रतिपक्ष त्याच्या सगळ्यांत बळकट रूपात मांडावा आणि मगच उत्तराला लागावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती इथे पाळतो.

पूर्वपक्ष असा. जड ट्रकाची बॅटरी काही टनांची, म्हणजे तितका माल कमी. एका चार्जमध्ये गाडी फार तर दोन-अडीचशे किलोमीटर जाणार. किंमत डिझेल गाडीच्या दुप्पट-तिप्पट. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एकूण 10,900 कोटींपैकी ट्रकांच्या वाट्याला 500 कोटी आले. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेलं अनुदान गाडीमागे जास्तीत जास्त 9.6 लाख रुपये आणि तेही सुमारे 5,600 गाड्यांपुरतं. एवढ्याने काय होणार? शिवाय वीज कोळशाची. धूर घाटकोपरहून उचलून माहुलला नेला, इतकंच. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यानेही बंदरातल्या ट्रकांवरच्या सक्तीच्या नियमासाठी केंद्राकडे केलेला अर्ज जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला, मग आपण कोण?

यातला एकही मुद्दा खोटा नाही. तरी निष्कर्ष चुकतो, कारण हे सगळं गणित दिल्लीला निघालेल्या ट्रकाचं आहे.

उपनगरांत दिवसभर फिरणाऱ्या गाड्या बघा. रेडीमिक्सचा मिक्सर प्लांटवरून निघतो आणि काँक्रीट घट्ट व्हायच्या आत त्याला साइटवर पोहोचावंच लागतं, म्हणजे त्याची फेरी मुळातच आखूड. पुनर्विकासाच्या इमारतींचं डेब्रिज वाहणारे डंपर, महापालिकेच्या कचरागाड्या, भिवंडीच्या गोदामांतून अंधेरीच्या दुकानांकडे येणारे ट्रक, सहारच्या कार्गो संकुलात ये-जा करणाऱ्या गाड्या, न्हावाशेवाहून कंटेनर आणणारे ट्रेलर. यांतली एकेक फेरी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतबाहेरची असते आणि रात्री गाडी ठरलेल्या जागी परतते. यांना दोनशे किलोमीटरचा पल्ला अपुरा पडतो असं म्हणणं म्हणजे बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याला राजधानी एक्स्प्रेसचं आरक्षण मिळत नाही म्हणून थांबवून ठेवणं. आणि लांब पल्ल्यावरून निवृत्त झालेल्या जुन्या डिझेल गाड्या शेवटी याच आखूड फेऱ्यांच्या कामाला लागतात. वस्ती सगळ्यांत दाट तिथे इंजिन सगळ्यांत थकलेलं.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या एकूण वाहनांपैकी ट्रक अवघे 3 टक्के, पण वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांत त्यांचा वाटा 53 टक्के दाखवला आहे. एलबीएस मार्गालगत खिडकीच्या जाळीवर दर आठवड्याला काळा थर पुसणाऱ्या घरांना हा आकडा वेगळा समजवावा लागत नाही.

विजेवर जड ओझं चढ चढेल का, ही शंका तर या शहराने तरी घेऊ नये. 1928 साली आलेली विजेची मालगाडी इंजिनं, ज्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत, बोरघाटाच्या आणि कसाऱ्याच्या चढावर मालगाड्या ओढत होती. त्यांना वरच्या तारेतून वीज मिळे आणि ट्रकाला ती सोबत वाहावी लागते, हा फरक मान्य. पण मग वाद साठवणीचा आणि अंतराचा उरला, ताकदीचा नाही. साठवणीचा प्रश्न आखूड फेरीत सगळ्यांत सोपा होतो. न्हावाशेव्याच्या बंदराने तो बॅटरी बदलून सोडवायला घेतला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिथे अदलाबदलीच्या बॅटरीवरचे 50 जड ट्रक उतरले, आणि बंदराच्या आतल्या सुमारे 600 गाड्यांपैकी 90 टक्के 2026 अखेर विजेवर आणण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. कॅलिफोर्नियाची माघार घडली ती वॉशिंग्टनमधल्या सत्तांतराच्या तोंडावर परवानगी मिळण्याची आशा संपली म्हणून. ट्रक चालेनात म्हणून नव्हे. चीनमध्ये 2025 साली विकल्या गेलेल्या नव्या जड ट्रकांत साधारण पाचांतला एक विजेवरचा होता.

आता कोळशाचा आक्षेप. तो मी हलक्याने घेत नाही, कारण आकडे मांडले की बोचतात. भरलेला मोठा ट्रेलर लिटरला अडीच-तीन किलोमीटर देतो, आणि लिटरभर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेवरच्या तशाच गाडीला किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागतं, आणि देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन पडतो. म्हणजे आजच्या घडीला दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. विद्युत ट्रकामुळे हवामान आजच सुधारेल असं सांगणारे समर्थक लोकांची दिशाभूल करतात. परंतु आज घेतलेला डिझेल ट्रक भंगारात जाईपर्यंत तेवढाच कार्बन सोडणार, किंबहुना थोडा जास्त. विजेवरच्या ट्रकाची वीज मात्र दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होत जाणार. आणि सिग्नलला उभ्या गाडीचा धूर शेजारच्या रिक्षातल्या मुलाच्या नाकात जाणं, हे तर पहिल्या दिवसापासून थांबतं. टायरची आणि रस्त्याची धूळ उरेल. ती कुठल्याच इंधनाने जात नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी: उभं राहायची जागा आणि सरकारचा कल.

कलाचं आधी. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणाने अटल सेतू, पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारींना व बसगाड्यांना टोलमाफी दिली आणि मालवाहू गाड्यांना त्यातून वगळलं. न्हावाशेवा आणि मुंबई यांना जोडणाऱ्या सेतूवर पंचवीस-तीस लाखांची मोटार फुकट जाते आणि कंटेनर ओढणारा विद्युत ट्रेलर टोल भरतो. रोज टोल भरणारा तोच, जास्त धूर वाचवणाराही तोच. ही चूक एका अधिसूचनेने सुधारता येईल. दुसरी सोय निविदांत आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा महापालिका खणते, ठाणे-बोरिवली बोगदा एमएमआरडीए. दोन्हींतून निघणारा राडारोडा डंपरच वाहणार आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामाच्या गाड्यांना ताडपत्री आणि चाकं धुण्याची अट घातली होती. जी संस्था ताडपत्रीची अट घालू शकते, ती ठरावीक हिस्सा विद्युत डंपरांचा अशीही अट घालू शकते. पाच वर्षांच्या कामाची हमी हातात असेल तर गाडीमालकाला बँक दारात उभं करते. नाही तर एक-दोन गाड्यांचा मालक कोटीच्या कर्जाला हात लावणार नाही, आणि त्याने लावूही नये.

जागेचा मुद्दा मात्र कुणी बोलतच नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात मज्जाव असतो, आणि त्या तासांत ट्रक नाक्यांबाहेर, सर्व्हिस रोडवर, पुलाखाली रांगा लावून उभे असतात. ट्रान्सपोर्टर ज्या तासांना वाया गेलेला वेळ म्हणतात, तेच चार्जिंगचे तास आहेत. चार्जिंग कुठे करायचं, याचंही उत्तर समोर पडलं आहे. 1 जुलै 2017 ला जकात गेली आणि मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द इथल्या जकातनाक्यांचं मूळ काम संपलं. शहरात शिरणारे बहुतेक ट्रक आजही त्याच दारांतून येतात. शंभर गाड्या प्रत्येकी 120 किलोवॅटने एकाच वेळी चार्ज झाल्या तरी मागणी 12 मेगावॅटची. चार हजार मेगावॅटच्या वर जाणाऱ्या मुंबईच्या कमाल मागणीत हे ओझं नव्हे.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार करायला सांगितलं, आणि राज्याने सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. माझी मागणी या समितीकडेच आहे. मुलुंडला वीज महावितरणची, दहिसरला अदानीची, नाक्याची जमीन महापालिकेची, आणि गाड्या थांबवण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. या चौघांना एका बैठकीत बसवून दोनच नाक्यांवर, वर्षभरासाठी, पन्नास ट्रकांची चार्जिंगची जागा मागावी. बंदीच्या तासांत जे ट्रक तिथे उभे राहतील त्यांचे किलोमीटर, युनिटं आणि भाडं दर महिन्याला नाक्यावरच्या फलकावर लिहावं, म्हणजे ‘हायवा नाही पळणार’ म्हणणाऱ्या गाडीमालकाला रांगेत उभ्या उभ्याच तो हिशेब वाचता येईल.