‘झुंड’ कोणाचा? बच्चनचा की पोरांचा?

४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला, तेव्हापासून यवतमाळच्या आमच्या वस्त्यांत हा वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, बच्चन नसता तर नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं बघायला कोण गेलं असतं? आम्हाला हे इतिहासाला धरून वाटत नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गर्दी खेचत होते; तिथे स्टार नव्हता, ताफा होता. २०१६ ला ‘सैराट’ने रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर या नवख्यांना घेऊन मराठीतली तोवरची सर्वाधिक कमाई केली. ‘कोर्ट’मधला शाहीर नारायण कांबळे तर नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनीच उभा केला.

‘झुंड’मध्ये बच्चनने बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडले तेव्हा आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आनंद समजतो. (हिंदी पडद्याला एवढ्यासाठी किती वर्षं लागली!) पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल इशारा दिला होता, तो थिएटरच्या दारात विसरायचा का? मंजुळे विसरलेले दिसत नाहीत. उत्तरार्धात विजय सर मागे सरकतात आणि सिनेमा अंकुश गेडामच्या डॉनचा होतो. पुढच्या जयंतीला वस्तीत ‘झुंड’ लावाल, तेव्हा बॅनरवर डॉनचा फोटो मोठा घ्या.